सुटलेल्या पडद्यामागचे पाणी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



जैन आचारधर्मात डोळ्याला फार मोठे स्थान आहे. साधु-साध्वींसाठी सांगितलेल्या पाच समित्यांमध्ये पहिली समिती ईर्यासमिती. पुढची चार हात भूमी नीट न्याहाळीत, वाटेतील सूक्ष्म जीवाला इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकणे, हा तिचा अर्थ. म्हणजे अहिंसेचे व्रत मनाने घेतले जाते, पण त्याचे पहिले पाऊल डोळ्यांच्या आधाराने पडते. स्वाध्याय, देवदर्शन, धान्य निवडणे, पाणी गाळणे ही नित्यकर्मेसुद्धा दृष्टीवरच उभी आहेत. दृष्टी गेली की यतना अवघड होते. म्हणूनच धार्मिक ट्रस्टने नेत्रसेवेचे काम करावे, यात आश्चर्य काहीच नाही. ते जीवदयेचेच एक अंग आहे.

तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांचे द्रव्येंद्रिय आणि भावेंद्रिय असे दोन भाग केले आहेत, आणि द्रव्येंद्रियाचे पुन्हा निर्वृत्ती आणि उपकरण असे दोन भेद सांगितले आहेत. डोळ्याची काळी-पांढरी मंडले आणि पापण्या ही टीकाकारांनी उपकरणात धरली. आजच्या शरीरशास्त्राशी या विभागणीची ओढून ताणून सांगड घालण्याचे कारण नाही. परंतु पाहण्याची शक्ती वेगळी, पाहण्याची रचना वेगळी आणि त्या रचनेचे रक्षण करणारे साहित्य वेगळे, हा विवेक आजच्या विषयाला फार उपयोगी पडतो.

आजचा विषय आहे डोळ्याचा पडदा सुटणे, आणि तो सुटल्यावर डोळ्यातील पाण्यात काय काय घडते हा. नेत्रशिबिर म्हटले की समाजाला मोतीबिंदू आठवतो. मोतीबिंदू हळूहळू पिकतो आणि शस्त्रक्रियेसाठी काही महिने थांबतो. पडदा मात्र थांबत नाही. तो सुटताना दुखतही नाही, कारण पडद्याला वेदना सांगणारे ज्ञानतंतू नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस स्वस्थ बसतो, आणि त्या स्वस्थपणातच दृष्टी जाते. दर वर्षी दहा हजार माणसांमागे सुमारे एकाला हा विकार होतो. संख्या लहान वाटते. पण ज्याचा डोळा गेला त्याच्या दृष्टीने हिशेब शंभर टक्के असतो.

प्रथम रचना पाहू. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांबीचा असतो. बाहेर पांढरा चिवट कोश, त्याच्या आत रक्तवाहिन्यांचा थर, आणि सर्वांत आत दृष्टिपटल, म्हणजे ज्याला बोलीत पडदा म्हणतात तो. कोटाला आतून अस्तर असावे तसा हा पडदा. तो जाडीने मिलिमीटरच्या पाव हिश्शाच्या आसपास. पण त्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी प्रकाश टिपण्याचे काम करीत असतात. त्यांच्या पाठीशी रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा एकेरी थर असतो. या रंगपेशी दृष्टिपेशींच्या दाई आहेत असे म्हटले तरी चालेल. दृष्टिपेशींची टोके रोज झिजतात. ती झीज रंगपेशी गिळून पचवितात, आणि सुमारे दहा दिवसांत ते टोक संपूर्ण नवे होते. पाठीमागच्या रक्तवाहिन्यांतून प्राणवायू आणि पोषण दृष्टिपेशींना मिळते तेही याच थराच्या पलीकडून.

येथे एक आश्चर्य आहे. पडदा आणि रंगपेशींचा थर हे एकमेकांना शिवलेले नाहीत. गर्भावस्थेत डोळा घडताना हे दोन थर दुहेरी वाटीसारखे एकमेकांजवळ येतात. त्यांच्यामधली फट मिटते, पण सांधली जात नाही. रंगपेशी त्या फटीतले पाणी सतत मागे खेचून घेतात, आणि दोन थरांमधील चिकट द्रव्य थोडा आधार देते. एवढ्यावर आयुष्यभर पडदा जागेवर राहतो. पडदा सुटतो तेव्हा नवी फट पडत नाही. जन्मापूर्वीची जुनी फट पुन्हा उघडते.

डोळ्याच्या पोकळीचा सुमारे चार पंचमांश भाग काचाभ द्रवाने भरलेला असतो. हा द्रव सुमारे ४ मिलिलिटर, आणि त्यात ९८ ते ९९ टक्के पाणीच. तरी तो पाण्यासारखा वाहत नाही, कारण त्यात कोलॅजनचे अतिसूक्ष्म धागे आणि हायल्युरोनिक आम्ल असते. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर या संशोधकांनी हे आम्ल प्रथम गुरांच्या डोळ्यातील काचाभ द्रवातूनच वेगळे केले. वय वाढले की हा गोळा पातळ होतो, धागे एकत्र येतात आणि पन्नाशी-साठीनंतर बहुतेकांच्या डोळ्यात तो पडद्यापासून अलग होतो. बहुसंख्य लोकांना त्याचा उपद्रव होत नाही. पण जेथे तो पडद्याला घट्ट धरून बसलेला असतो तेथे ओढ बसते आणि पडदा फाटतो. त्या भोकातून पातळ झालेला द्रव मागे शिरतो. अस्तराला एक भोक पडावे आणि त्यातून पाणी शिरून सारे अस्तर फुगावे, तशी ही गोष्ट आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. पडद्यामागे साचलेले हे पाणी केवळ पाणी नसते. शस्त्रक्रियेत ते काढून घेतले जाते, आणि अशा पाण्याची तपासणी अनेक देशांतील संशोधकांनी केली आहे. सुरुवातीला त्यात प्रथिने थोडी असतात. काचाभ द्रवाशी त्याचे साम्य असते. जसजसे दिवस जातात तसतशी प्रथिने वाढतात आणि ते रक्तातील द्रवाच्या जवळ जाऊ लागते. पाणी किती दिवसांचे आहे याची साक्ष पाणी स्वतःच देते. व्यापाऱ्याच्या वहीत जसा रोजचा जमाखर्च उतरतो, तसा डोळ्यावरील संकटाचा जमाखर्च या पाण्यात उतरलेला असतो.

या वहीतली पहिली नोंद पेशींची. फाटलेल्या जागेतून रंगपेशी सुटून काचाभ द्रवात तरंगू लागतात. डॉक्टर विशेष दिव्याने डोळ्याच्या पुढच्या भागात पाहतात तेव्हा त्यांना तपकिरी कण दिसतात. इंग्रजीत त्याला तंबाखूची पूड असेच नाव पडले आहे. विजा चमकत असल्याची तक्रार असणाऱ्या रुग्णात ही पूड दिसली की पडदा कोठेतरी फाटला आहे असे धरून शोध घेतला जातो. याशिवाय कचरा उचलणाऱ्या भक्षकपेशी, पडद्यातील आधारपेशी आणि तुटलेल्या दृष्टिपेशींचे तुकडेही त्या द्रवात सापडतात.

या तुकड्यांची एक कथा सांगण्यासारखी आहे. पडदा सुटला की डोळ्यातील दाब सामान्यतः कमी होतो. परंतु काही रुग्णांत तो उलट वाढलेला आढळे, आणि पुढच्या भागातील नेत्रजलात पेशींसारखे कण दिसत. १९७३ मध्ये श्वार्ट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी अशा रुग्णांचे वर्णन केले. हे कण सुजेच्या पेशींसारखे दिसत, पण सुजेवरची औषधे त्यांवर चालत नसत. १९८६ मध्ये जपानमधील मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नेत्रजल सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा ते कण म्हणजे दृष्टिपेशींची तुटलेली टोके आहेत असे दिसून आले. ती पडद्याच्या भोकातून पुढे वाहत आली होती आणि पाणी वाहून जाण्याच्या जाळीत अडकून दाब वाढवीत होती. पडदा बसविला की दाब उतरतो. लक्षण पुढे, मूळ मागे. वरवर पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

वहीतली दुसरी नोंद एन्झाइमांची. शालेय पुस्तकांत यांना विकर म्हणतात. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. लॅक्टेट डीहायड्रोजनेज नावाचे विकर पेशीच्या आत राहून ऊर्जेच्या कामात गुंतलेले असते. ते बाहेरच्या पाण्यात वाढलेले आढळले तर पेशीची भिंत फुटली असा अर्थ होतो. गोदामातला माल रस्त्यावर विखुरलेला दिसला की गोदामाला भगदाड पडले हे सांगावे लागत नाही.

दुसरा गट कॅस्पेज या विकरांचा. पोषण तुटलेली दृष्टिपेशी एकदम फुटत नाही. तिच्या आतील कॅस्पेज विकरे जागी होतात आणि ती पेशी स्वतःला आतून पद्धतशीरपणे मोडून काढते. प्रयोगांत असे दिसले आहे की हा क्रम पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो आणि सुमारे तिसऱ्या दिवशी त्याचा जोर सर्वाधिक असतो. हा तिसरा दिवस श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. व्याख्यानाच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

तिसरा गट सर्वांत विलक्षण. त्याचे नाव मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज. यांच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो आणि कोलॅजनसारखे धागे कापणे हे त्यांचे काम. त्यांतील क्रमांक २ आणि क्रमांक ९ ही विकरे डोळ्याच्या द्रवात विशेष अभ्यासली गेली आहेत. क्रमांक २ चे विकर निरोगी डोळ्यातही बहुधा निष्क्रिय रूपात असते. ज्या डोळ्यांत पडदा सुटल्यानंतर व्रण वाढतो त्यांच्या द्रवात यांचे, विशेषतः क्रमांक ९ चे, प्रमाण वाढलेले आढळले आहे. ही विकरे शत्रू की मित्र? शिंप्याला कात्रीशिवाय शिवता येत नाही. जखम भरण्यासाठी जुने धागे कापावेच लागतात. पण कात्री आवरणारा हात नसेल तर ताग्याच्या चिंध्या होतात. शरीरात या कात्र्यांना आवर घालणारी प्रथिनेही आहेत. तोल टिकला तर दुरुस्ती, तोल गेला तर नाश. एकच वस्तू एका अपेक्षेने हितकारक आणि दुसऱ्या अपेक्षेने अहितकारक, हे अनेकांताच्या अभ्यासकाला नवीन नाही.

हा तोल गेला की जे घडते त्याला १९८३ पासून पीव्हीआर हे संक्षिप्त नाव रूढ आहे. निरोगी प्रौढ डोळ्यातील रंगपेशी सहसा वाढत नाहीत; आपल्या जागी शांतपणे सेवा करतात. जागा सुटली की त्यांचा स्वभाव पालटतो. रक्तद्रवातून झिरपलेली वाढीची प्रथिने त्यांना चेतवितात. त्या आपला घाट बदलतात, संख्येने वाढतात, पडद्याच्या पृष्ठभागावर पातळ साय धरतात आणि ती साय आटू लागते. कापड पहिल्या धुण्यात आटावे आणि त्यावर चुण्या पडाव्यात, तसा पडदा चुणतो आणि पुन्हा सुटतो. हे बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घडते. पडदा सुटलेल्या रुग्णांपैकी सुमारे ५ ते १० टक्क्यांना हा उपद्रव होतो, आणि नीट केलेली शस्त्रक्रियाही अयशस्वी होण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

येथवरचे ज्ञान एका दिवसात आले नाही. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रांतर्दर्शक प्रसिद्ध केला, तेव्हा जिवंत माणसाचा पडदा प्रथम नीट दिसू लागला. सुटलेला पडदा दिसे, पण उपाय नव्हता. रुग्णाला महिनोन् महिने निजवून ठेवीत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल्स गोनिन यांनी आग्रहाने सांगितले की पडद्याचे भोक हे विकाराचे फळ नसून कारण आहे. ते शोधून बंद केल्याशिवाय पडदा बसणार नाही. तापविलेल्या उपकरणाने भोकाची जागा डागून ते बंद करण्याची त्यांची पद्धत आरंभी अनेकांना पटली नाही. १९२९ च्या ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत तिला मान्यता मिळाली. गोनिन १९३५ मध्ये निवर्तले. पुढे कस्टोडिस आणि शेपेन्स यांनी बाहेरून पट्टा बसवून कोश आत दाबण्याची पद्धत विकसित केली. पॉल सिबिस यांनी १९६२ मध्ये सिलिकॉन तेलाचा वापर पुढे आणला. १९७० मध्ये मायामी येथे रॉबर्ट मॅकेमर यांनी लहान छिद्रातून काचाभ द्रव कापून शोषून घेण्याची शस्त्रक्रिया केली. याच मॅकेमर यांनी लाक्वा यांच्यासह १९७५ मध्ये दाखविले की व्रणाच्या मुळाशी रंगपेशींची वाढ आहे.

आज पहिल्याच शस्त्रक्रियेत सुमारे ८५ ते ९० टक्के रुग्णांचा पडदा बसतो. मात्र व्रण रोखणारे सर्वमान्य औषध अद्याप हाती आलेले नाही. पेशींची वाढ थांबविणारी औषधे, स्टिरॉइड, हेपारिन, मेथोट्रेक्सेट असे अनेक प्रयत्न झाले. विकराचाच औषध म्हणून उपयोग करण्याचाही प्रयत्न झाला. ऑक्रिप्लाझ्मिन नावाच्या विकराला २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ती काचाभ द्रव आणि पडद्याचा मध्यभाग यांतील चिकटलेला भाग सोडविण्यासाठी होती, व्रणासाठी नव्हे, आणि पुढे त्याचा वापर मावळला.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे सत्यव्रताला धरून होणार नाही. या ज्ञानातील काही भाग प्राण्यांवरील प्रयोगांतून आला आहे. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या समाजाने ते जाणून घ्यावे आणि त्याची वेदनाही बाळगावी. पण त्याच वेळी हेही पाहावे की पेशींविषयीचे आणि विकरांविषयीचे पुष्कळसे ज्ञान शस्त्रक्रियेत काढून टाकाव्याच लागणाऱ्या पाण्यातून, रुग्णांच्या संमतीने मिळाले. त्यासाठी कोणत्याही जीवाला वेगळी इजा करावी लागली नाही. मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांचाही अशा अभ्यासाला उपयोग होतो. ज्याला प्राणिप्रयोग कमी व्हावेत असे मनापासून वाटते, त्याने केवळ निषेध करून थांबू नये. नेत्रदानाचा संकल्प करावा.

आता व्यवहाराकडे. तीन खुणा प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. डोळा मिटला असता किंवा अंधारात कडेला विजा चमकल्यासारखे होणे. डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके, माश्या किंवा जाळे तरळू लागणे. आणि दृष्टीच्या एखाद्या कडेकडून सावलीचा पडदा सरकत येणे. यांपैकी काहीही नव्याने जाणवले तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. जाड उणे क्रमांकाचा चष्मा असणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, डोळ्याला मार लागलेले, एका डोळ्याचा पडदा पूर्वी सुटलेला असणारे, किंवा ज्यांच्या घरात कोणाला हा विकार झाला आहे असे लोक अधिक सावध असावेत. नुसते भोक असताना रुग्ण आला तर बहुधा लेसरने किंवा अतिशीत उपचाराने काम भागते. पाणी शिरले पण मध्यभागीचा पीतबिंदू सुटलेला नसेल तर बारीक अक्षर वाचण्याची दृष्टी वाचविता येते. पीतबिंदू सुटला असेल तरी पहिल्या तीन दिवसांत पडदा बसविल्यास दृष्टी अधिक चांगली परत येण्याचा संभव असतो. तिसऱ्या दिवसाची आठवण पूर्वी करून दिली होती ती याचसाठी.

समजा, पर्युषणात एखाद्या गृहस्थांची अठ्ठाई चालू आहे आणि पाचव्या दिवशी डोळ्यात विजा चमकू लागल्या. पारणे होऊ द्या, मग पाहू, असा सल्ला घरातून प्रेमानेच दिला जातो. तो सल्ला घातक ठरू शकतो. पच्चक्खाणाच्या पाठातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे. औषधासंबंधी शंका असेल तर गुरुमहाराजांना त्याच क्षणी विचारावे. डॉक्टरांकडे जाणे मात्र त्यासाठी लांबवू नये. शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर काही दिवस मान खाली घालून राहावे लागते, आणि बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो. उंच डोंगरावर जाण्यानेही वायू प्रसरण पावून दाब वाढू शकतो. सम्मेद शिखरजीचा पर्वत समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून उंच आहे. तेव्हा यात्रेचा बेत डॉक्टरांना विचारूनच करावा. तीर्थ कोठे जात नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टसमोर तीन विनंत्या ठेवाव्याशा वाटतात. शिबिरात येणाऱ्या प्रत्येकाला या तीन खुणांविषयी प्रश्न विचारले जावेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्या हाती त्या खुणा सोप्या मराठीत छापलेले एक कार्ड द्यावे. आणि पडदा सुटलेल्या गरजू रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या शहरातील पडद्याच्या तज्ज्ञाकडे पोहोचविता यावे यासाठी एक छोटा तातडीचा निधी वेगळा ठेवावा, ज्याच्या खर्चाला पुढच्या बैठकीच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये. मोतीबिंदूच्या शंभर शस्त्रक्रियांच्या तुलनेत अशा रुग्णांची संख्या अल्प राहील; पण वेळेवर पोहोचलेला एक रुग्ण पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी वाट पाहून पाऊल टाकील.

या विवेचनात शास्त्राच्या अथवा जिनाज्ञेच्या विरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.